विषय: सिनसिनाटीचं नाव ठेवणारा गव्हर्नर

नमस्कार मंडळी,

आपलं गाव १७९० पर्यंत लोसँटीव्हिल होतं. त्याला सिनसिनाटी हे नाव दिलं आर्थर सेंट क्लेअरनं, नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या, म्हणजे ओहायो नदीच्या वायव्येकडच्या अमेरिकी प्रदेशाच्या, पहिल्या गव्हर्नरनं. मूळचा स्कॉटलंडमधल्या थर्सोचा, ब्रिटिश फौजेतून इकडे आलेला, स्वातंत्र्ययुद्धात मात्र वॉशिंग्टनकडून लढला. लोकांना तो आठवतो ते ४ नोव्हेंबर १७९१ मुळे. त्या दिवशी वबॅश नदीकाठी मूलनिवाशांशी झालेल्या लढाईत त्याचे सहाशेहून जास्त सैनिक मारले गेले. पण सगळं खापर त्याच्याच डोक्यावर का? तंबू, घोडे, दारूगोळा, सगळा पुरवठा निकृष्ट. बरेच शिपाई सहा महिन्यांसाठी भरती केलेले, कवायतसुद्धा धड न झालेले. तो स्वतः गाउटच्या सांधेदुखीनं जेरीला आलेला. काँग्रेसच्या चौकशी समितीनंही पुढच्या वर्षी पुरवठ्याच्या गोंधळावरच बोट ठेवलं. सरकारी कामासाठी पदरचे पैसे घालून तो १८१८ मध्ये अगदी दारिद्र्यात वारला, याचं मला फार वाईट वाटतं.

— सिनसिनाटीहून

ताई,

पुरवठ्याचं म्हणता ते खरंच. पण त्या सकाळी मायामी जमातीचा नेता लिटल टर्टल आणि शॉनी जमातीचा ब्लू जॅकेट आपली भूमी राखायला लढत होते, हे आधी सांगायला हवं. मूलनिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही, असं या टेरिटरीसाठीच्या १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स या कायद्यातच लिहिलंय. तो मंजूर झाला त्या वर्षी काँग्रेसचा अध्यक्ष सेंट क्लेअरच होता! आणि १७८९ मध्ये फोर्ट हार्मरला त्यानंच केलेला तह शॉनी-मायामींना मान्यच नव्हता.

शिवाय त्याच कायद्याचं सहावं कलम बघा. टेरिटरीत गुलामगिरीला बंदी. गव्हर्नरसाहेबांनी अर्थ लावला की आधीपासून गुलाम असलेल्यांना ती लागू नाही. टेरिटरीतल्या कॅस्कास्किया, व्हिन्सेन्स या गावांतली गुलाम माणसं तशीच मालकांच्या ताब्यात राहिली. हा निर्णय पुरवठा करणाऱ्या कुठल्या कंत्राटदाराचा नव्हता.

— कोलंबसहून

काका,

सहाव्या कलमाबद्दल माझ्याकडे त्याच्या बाजूनं बोलायला काही नाही. १८०२ मध्ये त्याला गव्हर्नरपदावरून काढलं तेही ओहायोला राज्याचा दर्जा द्यायला उघड विरोध केला म्हणून. राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं ते पाऊल मला योग्यच वाटतं. पण त्याचे पैसे बुडाले हा अन्याय तरीही अन्यायच.

लढाई झाली तिथे आता फोर्ट रिकव्हरी गाव आहे. वसंतात सहल काढली तर मुलांना लिटल टर्टलची बाजू तुम्ही सांगाल का? फौजेचं मी सांगते.

— सिनसिनाटीहून