मदत हवी आहे: समुद्रावर पोहायला जाताना गाडी फोडली जाऊ नये म्हणून काय करावं?

भरतीओहोटी:
सगळेच पाण्यात उतरणार, काठावर सामान राखायला कोणी नाही. गाडी बटण-स्टार्टची आहे, म्हणजे किल्लीच्या जागी जाडजूड रिमोट. तो पाण्यात नेता येत नाही आणि मागे ठेवायचा तर कुठे, हे कळत नाही. फोन-पाकिटं डिकीत टाकणं कितपत बरं? काचांना जाड फिल्म लावून खरंच उपयोग होतो का? ‘गाडीत काही ठेवूच नका’ हे माहीत आहे, त्यापुढचं सांगा.

पान्हा नंबर १०:
आधी किल्लीचं बघा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

टायरवर, बंपरच्या मागे, वाळूत पुरून: या जागा चोर सर्वात आधी बघतो. बटण-स्टार्ट गाडीत तर त्याला शोधायचेही कष्ट नाहीत. रिमोट दारापासून साधारण मीटरभर अंतरात असला की हँडलला हात लावताच दार उघडतं, पुढे इंजिनही सुरू होऊ शकतं.

माझी पहिली पसंती: रिमोट अंगावरच न्या, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. त्यावर आयपीएक्स ८ (पाणी किती रोखलं जातं याचा दर्जा) लिहिलेलं असावं. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल, स्थिर पाण्यात ३० मिनिटं. लाटांचा मारा त्यात धरलेला नाही. नवीन पाऊचमध्ये आधी नुसता टिश्यू पेपर घाला, बादलीत अर्धा तास दाबून ठेवा, मध्येमध्ये पिळा. टिश्यू कोरडा निघाला तरच रिमोट आत जाईल. साध्या झिपच्या पिशवीत वाळूचा एक कण अडकला तरी पाणी शिरतं. चुकून भिजलाच तर बटण दाबून बघायचा मोह आवरा. लगेच सेल काढा, रिमोट उघडून गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत सेल घालू नका. नुसत्या पाण्यापेक्षा मीठच घात करतं, सेल जोडलेला असताना खाऱ्या पाण्याने सर्किट झपाट्याने गंजतं.

दुसरा मार्ग: बहुतेक रिमोटच्या पोटात एक धातूची सपाट किल्ली असते. खटका दाबला की बाहेर येते. फक्त तीच दोरीला बांधून पाण्यात न्यायची आणि रिमोट सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये (फॅराडे पाऊच म्हणून मिळतो) घालून गाडीत ठेवायचा. पाऊच हवाच, नाहीतर एकतर गाडी लॉक व्हायला नकार देते, नाहीतर काच फोडून आत शिरलेल्याला नुसतं बटण दाबायचं उरतं. पाऊचची परीक्षा सोपी आहे. रिमोट आत घालून दाराला चिकटून उभं राहा आणि हँडल ओढा. मग सीटवर बसून स्टार्टचं बटण दाबा. दोन्ही वेळा गाडी ढिम्म राहिली पाहिजे. घडीवरचं अस्तर झिजतं, त्यामुळे दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

भरतीओहोटी:
त्या धातूच्या किल्लीने दार उघडलं तर अलार्म वाजणार नाही का?

पान्हा नंबर १०:
बऱ्याच गाड्यांत वाजतो. रिमोट पाऊचमधून काढून अनलॉक दाबा किंवा गाडी सुरू करा, थांबेल. घरी एकदा रंगीत तालीम करून घ्या, कारण काही गाड्यांत ही किल्ली फक्त चालकाचं दार लॉक करते, बाकीची उघडीच राहतात. किल्लीचं भोक हँडलवरच्या टोपीखाली लपलेलं असू शकतं, तेही शोधून ठेवा. आणि रिमोट असलेला पाऊच ग्लव्ह बॉक्समध्ये नको! चोराचा हात आधी तिथेच जातो.

काचसामान:
फिल्मबद्दल. बाजूच्या काचा टफन्ड असतात. सपाट वस्तूचा मार बऱ्यापैकी सोसतात, पण टोकदार, कठीण वस्तूने पृष्ठभागाला तडा गेला की आतला ताण सुटून क्षणात चुरा होतो. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकचा छोटा तुकडाही पुरतो. साधी काळी फिल्म इथे फारसं काही करत नाही. २०० मायक्रॉनच्या आसपासची सेफ्टी फिल्म चुरा धरून ठेवते, चोराला आणखी घाव घालावे लागतात. काच फुटतेच, फक्त वेळ आणि आवाज वाढतो. फिल्म कडेपर्यंत नीट बसवलेली नसेल तर लाथेसरशी अख्खी काच आत पडते. लावण्याआधी तुमच्याकडचे प्रकाश-पारदर्शकतेचे नियम बघा.

फॅक्टरीतून आलेल्या अलार्मवर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो फक्त दार, डिकी किंवा बॉनेट उघडल्यावर वाजतो. काच फोडून हात घालून पिशवी उचलली तर चिडीचूप. ग्लास-ब्रेक (काच फुटल्याचं ओळखणारा) किंवा अल्ट्रासॉनिक (गाडीतली हालचाल टिपणारा) सेन्सर आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा. अल्ट्रासॉनिक असेल तर काचा पूर्ण बंद हव्यात, नाहीतर समुद्राच्या वाऱ्यानेच भोंगा सुरू.

डिकी: सामान पार्किंगमध्ये पोचल्यावर डिकीत हलवलंत तर ती जाहिरातच झाली. थांबण्याच्या बऱ्याच आधी, दुसरीकडे हलवा. हॅचबॅकमध्ये काच फोडून मागची सीट पाडली की डिकी मोकळी, म्हणून तिथे काही ठेवायचंच असेल तर सीटच्या लोखंडी फ्रेमला तारेने बांधलेली छोटी पेटी वापरा. बोटभर जाडीची नसलेली तार कटरने तुटते, पण झटपट हात मारणारा सहसा कटर बाळगत नाही. पेटीसाठी फ्लोअरला भोकं मात्र पाडू नका, खाली इंधनाची नळी आणि वायरिंग असतं. फोन किंवा पॉवरबँक तापलेल्या गाडीत तासन्‌तास ठेवणं तसंही वाईट.

चार्जरची वायर, मोबाइल होल्डर काढाच, काचेवर उमटलेला सक्शनचा गोल ठसाही पुसा.

उलटा वारा:
दारं उघडीच ठेवावीत, काच तरी वाचते, असं काही जण म्हणतात. पटत नाही. चोरी झाली तर विमा कंपनी निष्काळजीपणा म्हणून दावा नाकारू शकते.

पान्हा नंबर १०:
सहमत. उलट लॉक झालंय याची खात्री करा. रिमोटचा सिग्नल जॅम करणारी यंत्रं असतात, तुम्ही बटण दाबता पण गाडी लॉक होतच नाही. इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का बघा आणि हँडल ओढा. बटण-स्टार्टमध्ये रिमोट खिशात असताना ओढलंत तर दार उघडणारच, म्हणून रिमोट दुसऱ्याकडे देऊन त्याला दहा पावलं लांब उभं करा.

गाडी लावताना डिकी भिंतीला टेकवून लावा, म्हणजे मागून उघडता येणार नाही. मोठ्या व्हॅनच्या किंवा झुडपांच्या आडोशाला नको. जमिनीवर काचेचा बारीक चुरा दिसला तर तिथे आधी गाडी फुटलेली असू शकते, जागा बदला.

भरतीओहोटी:
धन्यवाद. रिमोट पाऊचमध्ये घालून बरोबरच नेतो. गाडीत राहिलेल्या पाकिटाचं काय?

काचसामान:
नेऊच नका. एक कार्ड आणि थोडे पैसे त्याच पाऊचमध्ये मावतात. घराच्या किल्ल्या आणि पत्ता असलेली कागदपत्रं एकत्र गाडीत नकोत, दोन्ही गेली तर घराची कुलपंही बदलावी लागतात. आणि रिमोट चोरीला गेलाच तर वर्कशॉपमध्ये तो गाडीच्या मेमरीतून पुसून घ्या. त्यातली धातूची किल्ली मात्र दाराला चालतच राहते, तेव्हा लॉकचा सिलिंडरही बदलायला सांगा.