सोव्हिएत संघ फुटला, पण गॅसची चावी मॉस्कोकडेच राहिली का?

दूरचा_दिवा:
बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात आहे. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि पंधरा देश झाले, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण नंतरच्या वर्षांचं वाचायला लागल्यावर मला दोन देशांचं कोडं सुटेना झालंय. आर्मेनिया आणि लिथुआनिया. दोघांचीही लोकसंख्या आज तीस लाखांच्या घरातली. लिथुआनिया 2004 ला नाटो आणि युरोपियन युनियन दोन्हीकडे गेला. आर्मेनियाची युरोपियन युनियनबरोबर कराराची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती, 2013 च्या उन्हाळ्यात ती पूर्णही झाली, आणि 3 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष सर्गस्यान मॉस्कोला जाऊन पुतिनना भेटले आणि तिथूनच जाहीर केलं की आम्ही रशियाच्या कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे एकच सामाईक जकात असलेल्या देशांच्या गटात येतोय, आणि त्यात गेलं की युरोपबरोबरचा तो करार जमत नाही. एका भेटीत सगळं फिरलं! असा कुठला दबाव असतो की स्वतंत्र देशाला इतक्या वर्षांची मेहनत सोडून द्यावी लागते? फक्त सैन्याची भीती, की पैशाचं काही?

लोहमार्ग:
चांगला प्रश्न विचारलात. सैन्य आहेच, पण त्याच्या आधी पाइप, तारा आणि रूळ बघायला हवेत, कारण सोव्हिएत काळात हे सगळं एकच देश समजून बांधलेलं होतं. सरहद्दी नंतर आल्या. गॅस रशियातून येणार, विजेची ग्रिड एक, आणि रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1520 मिलिमीटरचा, जो युरोपच्या 1435 ला जुळतच नाही.

लिथुआनियाने किंमत आधी मोजली. 11 मार्च 1990 ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये मॉस्कोने तेल बंद केलं, गॅस अगदी थोडा ठेवला, जवळजवळ अडीच महिने नाकेबंदी चालली. तेव्हाच त्यांना कळलं की ही नळी म्हणजे गळ्यातला फास आहे. तरी सुटायला किती वेळ लागला बघा! 2006 मध्ये त्यांची माझेइकियाई रिफायनरी पोलिश कंपनीला विकायचं ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात रशियाकडून येणारी तेलाची पाइपलाइन गळती झाली म्हणून बंद पडली ती परत कधी सुरूच झाली नाही, रिफायनरीला समुद्रमार्गे तेल आणावं लागलं. 2014 ला क्लाइपेडा बंदरात द्रवरूप गॅस उतरवायचं तरंगतं टर्मिनल आलं, त्या जहाजाचं नावच इंडिपेंडन्स. ते येणार हे पक्कं झाल्यावर गॅझप्रॉमने, म्हणजे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, भाव उतरवला! म्हणजे दुसरा विक्रेता नुसता दारात दिसला तरी पहिल्याची भाषा बदलते. विजेची ग्रिड मात्र थेट फेब्रुवारी 2025 मध्ये तोडली तिन्ही बाल्टिक देशांनी (लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया) मिळून. स्वातंत्र्य जाहीर केल्यापासून पस्तीस वर्षं.

आता आर्मेनिया. समुद्र नाही, तुर्कीची सीमा 1993 पासून बंद, अझरबैजानची पण बंद, उरले जॉर्जिया आणि इराण. त्यात गॅसचं आणि बाकीचं कर्ज साठत गेलं आणि ते फेडायला मालमत्ताच गेल्या. 2000 नंतर ह्राझदानचं वीजकेंद्र कर्जाच्या बदल्यात रशियाला दिलं, 2008 ला रेल्वे तीस वर्षांसाठी रशियन रेल्वेकडे, 2014 ला गॅसचं सगळं जाळं शंभर टक्के गॅझप्रॉमचं. आर्मेनियातल्या ग्युम्री शहरातला रशियन लष्करी तळ 2044 पर्यंत. आणि डोक्यावर काराबाखचं, म्हणजे अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या भागावरून चाललेलं युद्ध. अशा माणसाला मॉस्कोत बोलावून सही करायला सांगितली तर तो काय करणार?

नीपर_काठ:
लोहमार्ग यांनी म्हटलंय त्यात युक्रेनची भर घालतो, कारण पैसा आणि राजकारण एकाच कागदावर कसं येतं ते तिथे सगळ्यात उघड दिसतं. एप्रिल 2010 चा खार्किव करार. रशिया गॅसमध्ये 30 टक्के सूट देणार आणि बदल्यात क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरात रशियन आरमाराचा मुक्काम 2017 वरून 2042 पर्यंत वाढणार. गॅसचा भाव आणि आरमाराचा तळ एकाच व्यवहारात! त्याआधी जानेवारी 2006 आणि जानेवारी 2009 ला ऐन थंडीत गॅस तोडून झाला होता, 2009 ला तर बल्गेरिया, स्लोव्हाकियापर्यंत लोक गारठले. आणि 2014 मध्ये क्रिमिया घेतल्यावर रशियाने तो करारच रद्द केला, म्हणजे सूटही गेली आणि जमीनही गेली. हे वाचताना मला खरंच वाईट वाटतं.

मोल्दोव्हाची गत वेगळी. ट्रान्सनिस्ट्रिया हा मोल्दोव्हाचा पूर्वेकडचा तुकडा 1992 च्या युद्धानंतर हाताबाहेर, तिथे रशियन सैनिक, तिथे जाणाऱ्या गॅसचे पैसे कुणी देत नव्हतं आणि बिल मात्र मोल्दोव्हाच्या गॅस कंपनीच्या नावावर चढत राहिलं. मोल्दोव्हाची बरीचशी वीज त्याच तुकड्यातल्या रशियन मालकीच्या केंद्रातून यायची. जानेवारी 2025 ला युक्रेनमार्गे गॅस थांबला आणि सगळ्यात जास्त हाल झाले ते ट्रान्सनिस्ट्रियातल्याच लोकांचे, घरं गरम करायला काही नाही.

साधा_वाचक:
थोडं असहमत. सगळं मॉस्कोवर ढकलून चालणार नाही. स्वस्त गॅस ही नुसती शिक्षा नव्हती, ती बरीच वर्षं मोठी मदत होती, त्यावर या देशांचे कारखाने चालले. आणि मधल्या मधे पैसे खाणारे स्थानिकच होते. 2004 ला रॉसउक्रएनर्गो नावाची मध्यस्थ कंपनी काढली, अर्धी गॅझप्रॉमची आणि अर्धी युक्रेनी उद्योगपतींची, युक्रेनमध्ये येणारा गॅस काही वर्षं तिच्यामार्फत. ज्यांनी आपल्या देशाची बाजू लढवायची त्यांचाच वाटा त्यात असेल तर चावी बाहेरच्याकडे राहणारच ना.

लोहमार्ग:
हा मुद्दा मान्य आहे. उलट तीच तर खरी ताकद, आतली माणसं हाताशी असली की धमकीची गरजच पडत नाही.

पामीर:
माणसांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ताजिकिस्तान, किर्गिझस्तानमधली लाखो माणसं रशियात बांधकामावर, बाजारात, सफाईला आहेत, आणि ताजिकिस्तानात त्यांनी घरी पाठवलेला पैसा कितीतरी वर्षं जीडीपीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहिलाय. तिथे पाइप बंद करायची गरज नाही, परवान्याचे नियम कडक केले, थोड्या लोकांना परत पाठवलं की दुशान्बेच्या, म्हणजे ताजिकिस्तानच्या सरकारला निरोप पोचतो. आणि त्यात भरडले जातात ते घरापासून लांब राबणारे, ज्यांना या राजकारणात कुणी विचारलेलंही नसतं.

दूरचा_दिवा:
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप उलगडलं. मी आत्तापर्यंत 2013 ची ती भेट हीच सुरुवात समजत होतो, पण निर्णय तर वीजकेंद्र आणि रेल्वे गेली तेव्हाच अर्धा झाला होता असं आता वाटतंय. एक मात्र अजून छळतं. सप्टेंबर 2023 ला काराबाखमध्ये अझरबैजानचं सैन्य शिरलं तेव्हा रशियन शांतिसैनिक तिथेच होते आणि एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. ज्या संरक्षणासाठी एवढं सगळं दिलं तेच मिळालं नाही. त्यानंतर 2024 मध्ये आर्मेनियाने रशियाच्या लष्करी करारातला सहभाग गोठवला, पण गॅसचं जाळं आणि रेल्वे अजून तिथेच. लोहमार्ग, त्या रेल्वेच्या करारातून मुदतीआधी बाहेर पडता येतं का, यावर सवड मिळेल तेव्हा लिहाल का?