गाव उठलं की उठवलं?

'विस्थापित', 'निर्वासित' आणि 'स्थलांतरित' हे तीन शब्द हल्ली बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, आणि शेवटचा तर फार जपून वापरायला हवा असं मला वाटतं.

स्थलांतर म्हणजे नुसतं जागा बदलणं. पक्षी स्थलांतर करतात, ऊसतोड कामगार हंगामापुरते करतात, आणि 'कार्यालय स्थलांतरित झाले आहे' अशी पाटीही आपण वाचतो. कोणी ढकललं, का ढकललं, याचा त्या शब्दात मागमूस नाही. म्हणून धरणासाठी उठवलेल्या गावाबद्दल 'गावाचे स्थलांतर झाले' असं कोणी लिहिलं की खटकतं. 1990 मध्ये काश्मीर खोरं सोडावं लागलेल्या पंडितांची सरकारदरबारी नोंद 'मायग्रंट' अशी आहे. त्यांच्यातल्या अनेकांचा या शब्दाला विरोध आहे, तो याचमुळे.

'निर्वासित'मध्ये मूळ धातू 'वस्', म्हणजे राहणे. रूप मात्र प्रयोजक, त्यामुळे निर्वासित तो, ज्याला कोणीतरी घालवून दिलं. संस्कृतात निर्वासन म्हणजे हद्दपारीच. हिंदीत याच माणसाला 'शरणार्थी' म्हणतात. तो शब्द माणसाकडे त्याच्या मुक्कामाच्या ठिकाणाहून बघतो, आपला शब्द तो जिथून निघाला तिथून. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी कुटुंबांना मराठीत निर्वासितच म्हटलं गेलं. मात्र 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित ठरायला छळाची रास्त भीती लागते आणि माणूस आपल्या देशाच्या सीमेबाहेर असावा लागतो. देशातल्या देशात घर सुटलं असेल, तर 'विस्थापित' हाच नेमका शब्द.

'परागंदा' फारसीतून आला, मूळ अर्थ विखुरलेला. माणसं दहा दिशांना पांगली, एकमेकांचा ठावठिकाणा राहिला नाही, तिथे तो चपखल बसतो. 'तडीपार' मात्र इथे नको, ती एकेका माणसावर बजावलेली नोटीस असते.

आता आपला खास शब्द, धरणग्रस्त. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. धरणाने ज्याला गिळलं तो धरणग्रस्त, इतका थेट शब्द आहे हा. कायद्याची भाषा सौम्य होत गेली. महाराष्ट्राच्या 1976 च्या पुनर्वसन कायद्याच्या इंग्रजी नावात 'डिस्प्लेस्ड' होतं, 1986 च्या कायद्यात 'अफेक्टेड' आलं, मराठीत 'प्रकल्पबाधित'. याला एक चांगली बाजू आहे: घर शाबूत राहिलं पण शेत गेलं, असा माणूस विस्थापित नसला तरी बाधित असतोच. तरीही 'बाधित' ऐकलं की मला आधी साथीचा रोग आठवतो. चळवळीतल्या माणसांनी 'धरणग्रस्त' सोडला नाही. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही त्यांचीच घोषणा.

बोलीत यातलं काहीच नसतं. माझी आत्या कोयना खोऱ्यातली. ती म्हणते, "आमचं गाव धरणात गेलं." एकदा मी कुठेतरी लिहिताना 'आत्याचं गाव उठलं' असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उठलं न्हाई बाबा, उठवलं. आपसूक कोण उठतंय?" तिच्या सासऱ्यांनी घर उतरवून दाराची चौकट बैलगाडीतून आणली होती. तीच चौकट आता सिमेंटच्या भिंतीत बसवलेली आहे. खालच्या बाजूला, उंबऱ्याच्या टोकाशी, जुन्या घरातल्या जात्याचा घासा अजून दिसतो. त्या दिवसापासून मी 'उठलं' लिहीत नाही.

याच 'वस्' धातूचा एक जुना धागा मराठीत आहे, 'ओस'. तो आला 'उद्वस'वरून, म्हणजे वस्ती उठलेलं. वस्ती, ओस, निर्वासित, पुनर्वसन ही सगळी एकाच घरची लेकरं. सरकारी कागदात पुनर्वसन झालं की प्रकरण मिटतं. आत्याला नव्या जागी येऊन आता साठएक वर्षं झाली, पत्त्यावरही त्या जागेला गावाचं नाव मिळालं आहे. तरी तिथून निघताना ती "वसाहतीवरनं आले" असंच सांगते. 'गाव' हा शब्द ती अजून पाण्याखालच्या जागेसाठीच वापरते.