मासळीचा जागतिक व्यापार: भुकेल्याच्या ताटात भर की ताटातून उचल?

दर्यावर्दी (धागाकर्ता):
२०२२ साली जगात १८.५ कोटी टन जलचरांचं उत्पादन झालं. त्यातला सुमारे ३८ टक्के माल सीमा ओलांडून गेला आणि उलाढाल १९५ अब्ज डॉलरची झाली. या आकड्यांवरून व्यापाराने अन्नसुरक्षा वाढते असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. किती मासळी गेली यापेक्षा कोणती गेली, हे आधी बघायला हवं. टूना किंवा लॉबस्टर गेलं तर गरिबाचं फारसं अडत नाही. पण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल, गांबिया, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरची सार्डिनेला, म्हणजे तारलीच्या कुळातली स्वस्त मासळी, फिशमीलच्या (मासळी दळून केलेल्या पशुखाद्याच्या भुकटीच्या) कारखान्यात जाते. एक किलो फिशमीलला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. हीच मासळी एरवी धुरी देऊन, वाळवून आतल्या गावांत जाते आणि ते काम मुख्यतः बायका करतात. कारखाना होडीभर माल एकदम उचलतो. टोपल्यांनी घेणारी बाई त्याच्यापुढे लिलावात कशी टिकणार?

हिशोबनीस:
तुम्ही नाण्याची एकच बाजू दाखवताय. नायजेरियाकडे बघा. तिथलं मोठं पोषण उत्तर अटलांटिकमधून येणाऱ्या गोठवलेल्या बांगडा आणि हेरिंगवर चालतं. अख्खी मासळी, उणे १८ अंशांत, खोक्यांत भरलेली. फिले (बिनकाट्याचे तुकडे) काढायची मजुरी नाही, म्हणून परवडते. आयात थांबली तर पहिला फटका गरिबालाच बसेल. महाग मासळी विकून स्वस्त जास्त वजनाने आणणं हा सरळ फायद्याचा व्यवहार आहे.
शिवाय फिशमीलपैकी साधारण एक तृतीयांश आता डोकी, काटे, आतडी यांपासून बनतं. पेरू देशाची अँचोव्हेटा ही लहान मासळी तर पोट भरलेलं असताना पकडली की स्वतःच्याच पाचकरसांनी काही तासांत फुटते. ती अख्खी बाजारात कशी पोचवणार?

शीतसाखळी:
@हिशोबनीस, अँचोव्हेटाचा मुद्दा बरोबर, पण सार्डिनेलाला तो लागू नाही. सार्डिनेला माणसं खातच होती.
आणि किलोला किलो ही बरोबरी मुळातच चुकते. लहान मासळी डोक्याकाट्यासकट खाल्ली जाते, म्हणून कॅल्शियम, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व मिळतं. वाळवलेली तारली विजेविना महिनोन् महिने टिकते. गोठवलेलं खोकं शेवटच्या गावापर्यंत तसंच पोचत नाही. वाटेत वितळलं, तापमान ४ अंशांच्या बरंच वर गेलं, की बांगड्यातल्या हिस्टिडिन या प्रथिन-घटकाचं जिवाणूंमुळे हिस्टामिन हे विषारी द्रव्य होतं. मग शिजवा, तळा, पुन्हा गोठवा, ते जात नाही. मालाला वासही येतोच असं नाही. म्हणून वितळून पुन्हा गोठवलेल्या मालाचा धोका मला फार गंभीर वाटतो.

हिशोबनीस:
मान्य, पण हा दोष माल थंड ठेवणाऱ्या अपुऱ्या साखळीचा आहे, व्यापाराचा नाही. उष्ण प्रदेशात किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो. बर्फाचा कारखाना निव्वळ स्थानिक विक्रीवर उभा करणं अनेक बंदरांत परवडत नाही, निर्यातीमुळे परवडतं. नियमही कडक झालेत: युरोपीय संघाला २०१० पासून पकड-प्रमाणपत्र (मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला) लागतं आणि जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य-अनुदान करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

दर्यावर्दी:
तो करार बेकायदा मासेमारीच्या आणि आधीच अतिउपशाने खचलेल्या साठ्यांच्या अनुदानावर आहे. स्वस्त मासळी कोणाच्या ताटात जाते, हे तो विचारत नाही. सीमाशुल्काच्या आकड्यांतूनही कळत नाही. फिशमील २३०१.२० या शीर्षात (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाखाली) नोंदतात, त्यात ते कोणत्या माशाचं हे नसतं. म्हणून नोंद बंदरावरच हवी: जात, वजन, खरेदीदार आणि उपयोग. कारखान्याच्या परवान्यात अट असावी की खाण्याजोग्या लहान मासळीचा लिलाव आधी धुरी देणाऱ्यांसाठी उघडायचा आणि उरलेला, खराब झालेला मालच दळायला द्यायचा. ही अट घातल्यावरही कारखाना चालला तर माझा त्याला विरोध नाही.

हिशोबनीस:
अट बरी आहे. मात्र 'खराब' कोणी ठरवायचं? मुद्दाम बर्फ न टाकता माल सडवून कारखान्यात ढकलता येतो. परवान्यात प्रत्येक होडीवरच्या बर्फाचं किमान प्रमाणही लिहावं लागेल.