राग गिळता, की खरंच मऊ होता? उपवासकाळातले अनुभव सांगा

वसईकरीण:
राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हापासून, आमच्याकडे मटण-मासळी बंद असते, पण खरं सांगू का, त्याचं मला काही वाटत नाही, वालाच्या भाजीवर चाळीस दिवस आरामात निघतात. म्हणून यंदा ठरवलं की घरात आवाज चढवायचा नाही, ओरडले की डब्यात पाच रुपये. डबा लेकाने ठेवला, फ्रिजवर, आणि पहिल्याच दिवशी सकाळी सातच्या आत दहा रुपये जमा! एकदा त्याच्या बुटांवरून आणि एकदा दूध उतू गेलं म्हणून, जे माझ्याच हातून गेलेलं. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, मोजले तर 215, म्हणजे 43 वेळा. लेक म्हणतो, यात लोकलमधलं धरलंच नाहीस. ते धरलं तर डबा पुरायचा नाही बाबा, विरार गाडीत चौथ्या सीटवर बसून सौम्य राहायचं म्हणजे संतच पाहिजे.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात 5:22-23 ला आत्म्याचं फळ सांगितलंय त्यात सहनशीलता वेगळी आणि सौम्यता वेगळी. पहिली मला जमते थोडीफार, दातओठ खाऊन गप्प बसते. दुसरी नाही. तुमचं काय? प्रवचन नको, घडलेलं लिहा.

फळा-डस्टर:
मी सातवीच्या वर्गावर होतो तेव्हा डस्टर फेकायचो. नेम चांगला होता, त्याचा अभिमानही होता, लाज वाटते आता. एकदा एका पोराने डस्टर झेलला आणि उठून शांतपणे टेबलावर आणून ठेवला, "घ्या सर" म्हणाला, वर्ग हसलाच नाही. तेच लागलं मला. नंतर एका फादरांनी डॉन बॉस्कोंचं सांगितलं, गरीब पोरांसाठी शाळा काढणारे इटलीतले संत, नऊ वर्षांचे असताना त्यांना स्वप्न पडलं, शिव्या देणाऱ्या पोरांवर हे ठोसे घेऊन धावले तर आवाज आला की ठोशांनी नाही, मायेने जिंक यांना. पुढे त्यांनी आपल्या संघाला नावच दिलं संत फ्रान्सिस द सेल्स यांचं, जिनिव्हाचे बिशप, सौम्यपणासाठीच ओळखले जातात, 24 जानेवारीला सण असतो. आणि हे सेल्स मुळात तापट होते म्हणे, ते ऐकून जीवात जीव आला. आता राग आला की फळा पुसत बसतो, स्वच्छ असला तरी.

नगरवाला:
बाबांना विसरण्याचा आजार, चौथं वर्ष. दर दहा मिनिटांनी विचारतात, "आई आली का रे चर्चमधून?" आई जाऊन सहा वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायचो, बाबा, आई गेली ना. ते प्रत्येक वेळी नव्याने रडायचे, म्हणजे मी दिवसातून दहादा त्यांना विधुर करत होतो. मग मी ओरडायला लागलो. एकदा तर म्हणालो, "मेली ती, किती वेळा सांगू!" आणि ते टॉवेलची घडी घालत बसले, उघडायची, परत घालायची, माझ्याकडे बघेनात. त्या रात्री प्रार्थनाही झाली नाही माझ्याच्याने. आता विचारलं की सांगतो, "गाणी चाललीत अजून, येईल." मग "हां, आज पवित्र भोजन असेल" म्हणतात आणि चहा पितात. आमचे पाळकसाहेब याला खोटं म्हणतील का माहीत नाही, मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

साधीबाई:
वरचं सगळं छान आहे पण एक बोलते. मला पंधरा वर्षं हाच शब्द ऐकवला, सौम्यता. नवरा पिऊन यायचा, हात उचलायचा, आणि चर्चच्या मंडळीतली वडीलधारी म्हणायची, प्रीती सहनशील आहे बाई, सहन कर. योहानाचं शुभवर्तमान 18 वा अध्याय काढून बघा, प्रभूला शिपायाने चापट मारली तेव्हा तो गप्प नाही बसला, विचारलं की मी बरोबर बोललो तर मला का मारतोस? शिवी नाही, उलट हात नाही, पण विचारलं. मी पण तेवढंच विचारलं एक दिवस, हळू आवाजात, बॅग भरून झाल्यावर. आवाज चढला नाही याचं मलाच नवल वाटलं. डबा असता तर एक रुपया पडला नसता.

वसईकरीण:
साधीबाई, वाचून हात थांबला. मी लिहिताना फक्त माझ्या आवाजाचा विचार केला होता, हे डोक्यातच आलं नाही.

दौंडची सून:
आमच्या गावापासून केडगाव जवळ, तिथलं मुक्ती मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेला आश्रम. पंडिता रमाबाईंचं धाडस सगळे सांगतात, मला त्यांची चिकाटी जास्त मोठी वाटते. हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत बसल्या, तेही शेकडो बायका-पोरींचा संसार सांभाळून. मुलगी आधी गेली, मग 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, पुस्तक बाहेर पडलं 1924 ला. आणि मी? दहावीच्या पोराला गणित शिकवताना तिसऱ्या मिनिटाला वही भिरकावते. साधीबाईंचंही पटलं, रमाबाई काही सोसत बसणाऱ्यातल्या नव्हत्याच.

नगरवाला:
काल उलटंच झालं. ऑफिसचा फोन, त्यात गॅस संपलेला, मी ताट आपटलं ओट्यावर. बाबा आतून बाहेर आले, बोटाने गप्प अशी खूण केली आणि म्हणाले, "हळू रे, आई आत्ताच आलीय, झोपलीय."