पोस्टग्रेसमध्ये एकट्या आयपी पत्त्यासाठी स्वतंत्र डेटा प्रकार हवा का?

धागाकर्ता

पोस्टग्रेस या डेटाबेसमधला आयनेट हा प्रकार आयपी पत्ता आणि नेटमास्क (पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे, हे सांगणारा आकडा) एकत्र साठवतो, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. लॉगिनच्या नोंदींसारख्या तक्त्यात आपल्याला केवळ एका यंत्राचा पत्ता ठेवायचा असतो. पण त्या रकान्यात कोणी १०.०.०.५/२४ (तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे मास्कची लांबी) भरले, तर डेटाबेस ते विनातक्रार स्वीकारतो आणि पुढे नुसत्या १०.०.०.५ शी, म्हणजे १०.०.०.५/३२ शी, केलेली तुलना जुळत नाही. मास्क वेगळा असल्यामुळे ही दोन मूल्ये त्याच्या लेखी भिन्न असतात, त्यामुळे युनिक निर्बंधही (एकच मूल्य दोनदा न स्वीकारण्याचा नियम) ती अडवत नाही. नेटवर्क साठवण्यासाठीचा सीआयडीआर हा प्रकार निदान मास्कच्या उजवीकडचे बिट शून्य असावेत असा आग्रह धरतो. (तोच प्रकार नुसत्या '१०' ला १०.०.०.०/८ मानतो. पत्त्यांचे जुने वर्ग, म्हणजे पहिल्या आकड्यावरून नेटवर्कचा आकार ठरवण्याची रीत, मोडीत काढण्यासाठी १९९३ मध्ये आलेल्या सीआयडीआर पद्धतीच्या नावाने हे वर्ग अजून टिकून आहेत, हे खटकते.) मास्क नसलेला प्रकार पोस्टग्रेसच्या मूळ गाभ्यात यायला हवा.

प्रतिसाद १

असहमत. मास्कची लांबी आयपीव्ही४ साठी ३२ आणि आयपीव्ही६ साठी १२८ असलीच पाहिजे, असा चेक निर्बंध (मूल्य तपासणारी अट) घालून एक डोमेन (आधीच्या प्रकाराला अटी लावून केलेला प्रकार) तयार केले की आपली तक्रार मिटते. जागेचा मुद्दाही फारसा टिकत नाही. आयनेटमध्ये आयपीव्ही४ पत्ता ७ बाइटांत मावतो आणि आयपी४आर या एक्स्टेन्शनमध्ये (वेगळ्याने बसवायच्या पुरवणीत) ४ बाइटांत. पण शेजारच्या रकान्यांच्या अलाइनमेंटमध्ये (ते ठराविक बाइटांच्या पटीत सुरू व्हावेत म्हणून सोडलेल्या रिकाम्या जागेत) ही ३ बाइटांची बचत अनेकदा विरून जाते. उलट गाभ्यात आलेला प्रकार वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो, कारण नव्या आवृत्तीवर नेणारे पीजी_अपग्रेड हे साधन तक्त्यांचा डेटा नव्याने लिहीत नाही आणि डिस्कवरची रचना एकदा ठरली की बदलणे जवळजवळ अशक्य होते.

प्रतिसाद २

डोमेनने एकट्या पत्त्याचा प्रश्न सुटेल, परंतु पत्त्यांच्या पट्ट्याचे काय? १०.०.०.५ ते १०.०.०.२० हा साधा पट्टा सीआयडीआरमध्ये मांडायचा, तर ५/३२, ६/३१, ८/२९, १६/३० आणि २०/३२ (पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा आणि मास्क) असे पाच तुकडे करावे लागतात. आयपी४आर हाच पट्टा एका मूल्यात आणि ८ बाइटांत ठेवते. मात्र डेटाबेस दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला, तर हवे ते एक्स्टेन्शन बसवण्याची मुभा असतेच असे नाही.

प्रतिसाद १

त्यासाठी एक्स्टेन्शनचीही गरज नाही. आयनेटवर आधारित रेंज प्रकार (पट्ट्याची दोन टोके एका मूल्यात ठेवणारा) आपला आपण तयार करता येतो, त्यावर शोध जलद करणारा जिस्ट निर्देशांक उभारता येतो आणि दोन पट्टे एकमेकांत घुसू नयेत म्हणून एक्स्क्लूजन निर्बंधही घालता येतो.

धागाकर्ता

तो रेंज प्रकार आयनेटच्या क्रमावर उभा राहतो, आणि तो क्रम निव्वळ पत्त्यांचा नाही. तुलना करताना आधी दोन्हींना सामाईक असलेले नेटवर्कचे बिट, मग मास्कची लांबी आणि शेवटी उरलेला पत्ता पाहिला जातो, त्यामुळे १०.०.०.२००/२४ हे मूल्य १०.०.०.३ पेक्षा लहान ठरते. चुकून मास्कसह आलेले एक टोकही पट्ट्याचा अर्थ बिघडवते. आपण सुचवलेले डोमेन रेंजच्या खाली ठेवले तर हा धोका टळेल, हे मला मान्य आहे. पण मग प्रत्येक संघाने तोच निर्बंध स्वतंत्रपणे लिहायचा आणि तो विसरणाऱ्याला डेटाबेसने कोणतीही सूचना द्यायची नाही, ही व्यवस्था मला पटत नाही. आयनेटला हात लावू नये, हा आपला आग्रह योग्यच आहे. माझी मागणी त्याच्या शेजारी मास्करहित पत्त्याचा एक प्रकार आणि त्यावरचा रेंज प्रकार, एवढीच आहे.