लॅपटॉप स्टिरिओला जोडताना आधी हमिंग घालवा, डॅकचं नंतर बघा

मंद्रपंचम
कॉम्प्युटरवरची गाणी घरच्या स्टिरिओवर ऐकायची म्हटलं की जो तो सांगतो, 'चांगला डॅक घ्या.' डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचं अँप्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण. हा सल्ला उलट्या क्रमाने दिला जातो, असं माझं ठाम मत आहे. पैसे खर्चून डॅक घरी येतो आणि स्पीकरमधलं हमिंग, म्हणजे सतत घुमणारी गुणगुण, जिथल्या तिथे राहते.

हमिंग बहुतेक वेळा अर्थिंगमुळे येतं. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आणि अँप्लिफायर, दोघांनाही अर्थिंग असतं. मधली ऑडिओ केबल त्यांना पुन्हा जोडते आणि एक बंद वर्तुळ तयार होतं. त्यातून फिरणारा बारीक करंट गाण्यात मिसळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १००, १५० हर्ट्झचे सूर खाली घुमत राहतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला, तर दोष चार्जरकडून येणाऱ्या या वाटेचाच.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला याचा त्रास सर्वांत जास्त. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास असते. तिच्या जोडीला १०० हर्ट्झचं हमिंग चालू असेल तर आवाज सेकंदाला चारेक वेळा कमी-जास्त होऊन डोलतो. सुरेख जुळलेला तानपुरा उतरल्यासारखा वाटतो. महागड्या डॅकने हे कसं सुधारणार?

दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरी राहिलं तर केबलच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो तारा थेट न जोडता आवाज पुढे पाठवतो. मात्र अर्थिंगची पिन कापायची नाही, कुणीही कितीही सांगितलं तरी. ती पिन जीव वाचवायला आहे.

सुरेल_सातारा
हमिंगचं सगळं मान्य, पण क्रम पटला नाही. लॅपटॉपमधलं साउंडचं सर्किट प्रोसेसर, वाय-फाय आणि पंख्याच्या शेजारी दाटीवाटीने बसवलेलं असतं. माउस हलवला की किरकिर, फाइल कॉपी करायला लावली की शिट्टीसारखा आवाज, हे बॅटरीवरही ऐकू येतं. मग एक्स्टेंशन बोर्ड बदलून काय उपयोग?

दुसरं म्हणजे लेव्हल, सिग्नलची ताकद. सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट देतो, लॅपटॉपचा हेडफोन जॅक बहुधा त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. मग अँप्लिफायरचा व्हॉल्यूम वर न्यावा लागतो आणि गाण्यासोबत कचराही मोठा होतो. बाहेरचा डॅक दोन्ही प्रश्न एकदम सोडवतो. म्हणून डॅकच आधी.

केतकी_कुडाळ
तुम्ही दोघंही फुकटात होणारं काम सोडून बोलताय. विंडोज सगळे आवाज एकत्र करून एकाच ठरलेल्या दराने (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) बाहेर सोडतं, पुष्कळ ठिकाणी ४८,००० हर्ट्झने. सीडीवरचं गाणं ४४,१०० चं, म्हणजे वाटेत त्याचं रूपांतर होतं. फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे गाणं थेट साउंड डिव्हाइसकडे पाठवणारा पर्याय, निवडलं की ही पायरी टळते. साउंडच्या सेटिंगमधली 'एन्हान्समेंट' बंद करा, ती बासशी नको तेवढा खेळ करतात.

आणि जोडताना मागचं सॉकेट वाचा! जुन्या अँप्लिफायरच्या 'फोनो' सॉकेटमध्ये लॅपटॉप लावणारे खूप आहेत. ते रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, बास मुद्दाम वाढवतं आणि ट्रेबल कापतं. लॅपटॉपचा आवाज त्यात फाटणारच. 'ऑक्स' नसेल तर 'टेप इन' चालेल.

अण्णा_नाशिक
केतकीताई, फोनोबद्दल शंभर टक्के सहमत. पण ४४,१०० चं ४८,००० झालेलं कानाला कळतं, हे मला मान्य नाही. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरन यांचा प्रयोग छापून आला होता. सुपर ऑडिओ सीडीसारखं हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक तपशिलाचं, रेकॉर्डिंग एकदा सरळ ऐकवलं, एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीच्या दर्जावर, उतरवून. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. हे वाचूनही १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींच्या मागे का लागायचं? लोक दोन्ही स्पीकर एकाच शोकेसमध्ये कोंबतात, एक तर सोफ्याच्या मागे असतो. ते भिंतीपासून पुढे ओढा, ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, कानाच्या उंचीवर आणा. डॅकने पडणार नाही एवढा फरक पडेल.

सुरेल_सातारा
अण्णा, तो प्रयोग फॉरमॅटचा होता आणि उत्तम उपकरणांवर झाला होता. १६ बिट पुरतात हे त्यातून दिसतं. लॅपटॉपचा जॅक पुरतो, हे कुठे दिसतं? माझी तक्रार जॅकमधल्या किरकिरीबद्दल आहे, आणि स्पीकर कितीही नीट मांडले तरी ती जाणार नाही.

मंद्रपंचम
सुरेल, किरकिर बॅटरीवरही येत असेल तर डॅक घ्याच, त्याला माझा विरोध नाही. पण बहुतेक डॅक यूएसबीवर चालतात, आणि यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते. म्हणजे तेच वर्तुळ नव्या केबलमधून पुन्हा पूर्ण होतं. नवा डॅक जोडूनही हमिंग कायम अशा तक्रारी येतात त्या यामुळेच. ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक घ्या, केबलमधून नुसता प्रकाश जातो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर पुष्कळदा ऑप्टिकल आउट असतो. लॅपटॉपला यूएसबीतून ऑप्टिकल काढणारा छोटा कन्व्हर्टर लागेल.

सुरेल_सातारा
ऑप्टिकल पटलं. तरी ज्याचा अँप्लिफायर दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नसलेला, आहे, त्याला तुमचा अर्थिंगचा नियम लागूच होत नाही.

केतकी_कुडाळ
लागू होतो. त्याच अँप्लिफायरला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असतो आणि केबलवाल्याची तार बाहेरून अर्थिंग घेऊन येते. ती तार बॉक्समधून काढून एकदा ऐका, मग डॅकची ऑर्डर द्या.